एकट्याचा विरोधी पक्ष : पलूसचे ॲड. बी. सी. कांबळे

निवडणुकीचा निकाल लागला की आपल्या समाजात बोटे मोजली जातात. आपले किती आले? दोन आले, एक आला, की एकही आला नाही? एकच आला असेल तर "एकटा बिचारा काय करणार?" असे म्हणून आपणच त्याला निकालात काढतो. मग पाच वर्षे तो सभागृहात काय बोलला, काय विचारले, हे पाहण्याची तसदी कोणी घेत नाही. अशी चर्चा कानावर आली की आम्हाला आपल्याच सांगली जिल्ह्यातील एका वकिलाची आठवण होते. ३१५ आमदारांच्या सभागृहात आपल्या पक्षाचा एकुलता एक सभासद म्हणून तो उभा राहिला, आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. ते वकील म्हणजे कालकथित बापू चंद्रसेन कांबळे, अर्थात ॲड. बी. सी. कांबळे.

जुन्या कार्यकर्त्यांना हे नाव नवे नाही. परंतु आज कॉलेजात शिकणाऱ्या आमच्या मुलामुलींपैकी कितीजणांना ते ठाऊक आहे? म्हणून हा लेखप्रपंच.

कृष्णाकाठचे दोन वकील

बी. सी. कांबळे साहेबांचा जन्म १५ जुलै १९१९ रोजी पलूस येथे झाला. आज पलूस हा स्वतंत्र तालुका आहे. त्या वेळी ते तासगाव तालुक्यातील एक गाव होते आणि तासगाव सातारा जिल्ह्यात होता. १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला व १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. आमचे जत तर तेव्हा डफळ्यांचे संस्थान होते. ते १९४८ साली विलीन झाले.

जुना सातारा जिल्हा आपल्या चळवळीला परका नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी बाल भीमरावांचे नाव साताऱ्याच्याच सरकारी शाळेत दाखल झाले. वर्गात त्यांना वेगळे बसावे लागे, हा इतिहास सर्वांना माहीत आहे. त्याच जिल्ह्यातील एका खेड्यातला मुलगा पुढे बी. ए., एलएल. बी. होतो, ह्याचे मोल आजच्या सवलतीच्या काळात कळणे अवघड आहे.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पलूसपासून फार दूर नसलेल्या देवराष्ट्रे ह्या गावी १९१३ साली यशवंतराव चव्हाण यांचा जन्म झाला. तेही कायदा शिकले आणि कराडला वकिली करू लागले. म्हणजे एकाच खोऱ्यातील दोन वकील. १९५२ साली दोघेही मुंबई विधानसभेत होते. एक मंत्र्यांच्या बाकावर, दुसरा विरोधी बाकावर. यशवंतराव पुढे मुख्यमंत्री झाले, देशाचे संरक्षणमंत्री झाले. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा आहे, आणि तो असायलाच हवा. परंतु समोरच्या बाकावर बसून सरकारला जाब विचारणाऱ्याचा धडा कोठे आहे? विरोधी पक्षाचे काम हेसुद्धा देशाचे काम आहे, हे आपल्याला कोणी शिकवले नाही.

३१५ मध्ये एक

कांबळे साहेब वकील तर होतेच, शिवाय बाबासाहेबांनी १९३० साली सुरू केलेल्या 'जनता' पत्राचे काही काळ संपादकही होते. लेखणी आणि कायदा ही दोन्ही साधने हाती घेऊनच ते राजकारणात आले.

प्रौढ मतदानाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची फार मोठी पीछेहाट झाली. राज्यघटनेचे शिल्पकार असलेले बाबासाहेब स्वतः मुंबईतून लोकसभेला पराभूत झाले. शेजारच्या सोलापुरातून पां. ना. राजभोज लोकसभेवर गेले, तेवढाच दिलासा. मुंबई विधानसभेच्या ३१५ जागांपैकी काँग्रेसला २६९ मिळाल्या. फेडरेशनला मिळाली फक्त एक. ती एक जागा बी. सी. कांबळे यांची. त्या वेळी त्यांचे वय होते ३२ वर्षे.

मुख्यमंत्री होते मोरारजी देसाई. करारी, हट्टी आणि विरोध सहन न करणारे अशी त्यांची ख्याती. पाठीशी प्रचंड बहुमत. अशा माणसासमोर एकट्याने उभे राहायचे, तेही ज्या समाजाला काल-परवापर्यंत गावच्या चावडीची पायरी चढू दिली जात नव्हती त्या समाजाच्या वतीने. ह्या काळात कांबळे साहेबांनी एकट्याने विधानसभा गाजवली, असे चळवळीतील जुनी माणसे आजही अभिमानाने सांगतात.

त्याच वर्षी, २२ डिसेंबर १९५२ रोजी, बाबासाहेबांनी पुण्यात वकिलांसमोर एक महत्त्वाचे भाषण केले. लोकशाही यशस्वी होण्यासाठी कोणत्या गोष्टी आधी हव्यात, हा त्याचा विषय. समाजात घोर विषमता नसावी, कायदा व कारभार यांत सर्वांना समान वागणूक मिळावी, बहुमतवाल्यांनी अल्पमतवाल्यांवर जुलूम करू नये, ह्या अटींबरोबरच विरोधी पक्ष हवाच, ही अट त्यांनी ठामपणे मांडली. सत्तेवर बसलेल्याला रोज कोणीतरी जाब विचारणारा पाहिजे. इंग्लंडात तर विरोधी पक्षनेत्याला सरकारी पगार मिळतो, हेही त्यांनी सांगितले. बाबासाहेब पुण्यात जे तत्त्व सांगत होते, ते त्यांचा तरुण अनुयायी मुंबईच्या सभागृहात एकट्याने चालवून दाखवत होता.

एकट्याच्या हाती काय असते?

वाचकांपैकी पुष्कळांना वाटेल की एक मत घेऊन सभागृहात काय साधणार? मतदानाची वेळ आली की २६९ विरुद्ध एक. हरणे ठरलेलेच. परंतु विधानसभा म्हणजे केवळ हात वर करण्याची जागा नव्हे.

प्रश्नोत्तराच्या तासात एका सभासदाने विचारलेल्या प्रश्नालाही मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते छापले जाते. अंदाजपत्रकावर कपात सूचना मांडता येते, म्हणजे एखाद्या खात्याला पैसे देताना त्या खात्याच्या कारभाराची झडती घेता येते. सरकारने नियम मोडला तर हरकतीचा मुद्दा उपस्थित करता येतो. अशा वेळी अध्यक्ष डोकी मोजत नाहीत, नियम पाहतात. अशासकीय विधेयक मांडता येते. विधेयकावर कलमवार चर्चा चालू असताना एका शब्दाची दुरुस्ती सुचवता येते. ह्यापैकी कशालाही बहुमत लागत नाही. लागतो तो अभ्यास. विधेयक आदल्या रात्री वाचलेले असावे लागते, जुना कायदा ठाऊक असावा लागतो, आकडे तोंडपाठ असावे लागतात.

हे वकिलाचे काम आहे. न्यायालयात वकील एकटाच उभा असतो. समोर सरकार असो की सावकार, न्यायाधीश म्हणतात, "कलम दाखवा." ही सवय घेऊन कांबळे साहेब सभागृहात गेले.

हा वारसा अर्थातच बाबासाहेबांचा. १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी महार वतनाबाबत विधेयक मांडले. १८७४ च्या वतन कायद्याखाली आमच्या आजा-पणजांना रात्रंदिवस गावकी राबावी लागत होती आणि मोबदला काय, तर तुटपुंजे बलुते. ते विधेयक मंजूर झाले नाही. १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून त्यांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. तेही त्या वेळी मंजूर झाले नाही. मग हे श्रम वाया गेले काय? १९५८ साली मुंबई राज्यात कनिष्ठ गाव वतने नष्ट करण्याचा कायदा झालाच. मधे ३० वर्षे गेली. परंतु १९२८ साली तो प्रश्न सरकारी दप्तरात लिहिला गेला नसता, तर १९५८ साली कोणाला तो आठवला असता? विरोधी सभासदाचे पीक असे उशिरा येते, आणि कापणी बहुधा दुसराच करतो. जतच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको!

कोपरगावहून दिल्लीला

१९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राचे वारे होते. फेडरेशन संयुक्त महाराष्ट्र समितीत सामील होते. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण होऊन तीन-चार महिनेच झाले होते. समाज पोरका झाला होता, तरीही त्याने कंबर कसली. नाशिकहून दादासाहेब गायकवाड, कोल्हापुरातून एस. के. दिगे आणि अहमदनगर जिल्ह्यातील कोपरगावमधून बी. सी. कांबळे लोकसभेवर गेले. कालचा एकटा आमदार आता दिल्लीत आपल्या सहकाऱ्यांबरोबर बसला.

तो काळ आपल्यासाठी कसोटीचा होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली होती. धर्म बदलला म्हणून गरिबी बदलली नव्हती. पण सवलती मात्र कागदावरून पुसल्या गेल्या. बौद्धांना सवलती मिळाव्यात ही मागणी आपल्या पक्षाने लावून धरली. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतरावांच्या सरकारने राज्यापुरत्या त्या दिल्या. केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती व्हायला मात्र १९९० साल उजाडले. पुन्हा तीच ३० वर्षे! येथेही निर्णय सत्तेच्या बाकावरून झाला, पण मागणी विरोधी बाकावरून आली होती, हे विसरता येणार नाही.

दुरुस्त आणि नादुरुस्त

आता एक कडू गोष्ट. ती सांगितली नाही तर हा लेख केवळ आरती होईल.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात रिपब्लिकन पक्षाची स्थापना झाली. फेडरेशनपेक्षा व्यापक, सर्व पीडितांना सामावून घेणारा, सत्ताधाऱ्यांसमोर खंबीर विरोधी पक्ष म्हणून उभा राहणारा पक्ष बाबासाहेबांना हवा होता. परंतु दोनच वर्षांत, १९५९ साली, तो दुभंगला. एका बाजूला दादासाहेब गायकवाड, दुसऱ्या बाजूला बी. सी. कांबळे. पक्ष आपल्या घटनेप्रमाणे व नियमाप्रमाणे बांधला जावा, मार्ग सनदशीर असावा, डाव्या पक्षांच्या मागे आपली फरफट होऊ नये, अशी कांबळे साहेबांची भूमिका होती. खेड्यातल्या भूमिहीनाला जमीन मिळत नाही तोवर नियमांच्या गप्पा काय कामाच्या, असे दादासाहेबांच्या बाजूचे म्हणणे. लोकांनी एका गटाला 'दुरुस्त' म्हटले आणि दुसऱ्याला 'नादुरुस्त'. आज हे शब्द ऐकून हसू येते. पण त्या वेळी ह्या दोन शब्दांनी गावोगावचे बौद्धवाडे दुभंगले, हे जुन्या लोकांना विचारा.

कोणाचे बरोबर होते? आमच्या मते दोघांच्याही हाती बाबासाहेबांचेच अर्धे-अर्धे हत्यार होते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की सनदशीर मार्ग खुले असताना बेकायदा मार्ग धरणे म्हणजे अराजकाला आमंत्रण. कांबळे साहेब त्या शब्दाला जागत होते. पण चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेऊन समाजाला रस्त्यावर आणणारेही बाबासाहेबच. दादासाहेब तो वारसा चालवत होते. १९५९ चा आणि १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह त्यातूनच उभा राहिला. महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह झाला, आणि त्यानंतर दहा वर्षे तोच लढा न्यायालयात चालला. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. तळ्यावर गेलेली माणसे नसती तर खटला उभा राहिला नसता, आणि खटला लढला नसता तर तळ्यावरचा हक्क कायद्याने पक्का झाला नसता. एकाच माणसाने दोन्ही कामे केली होती. त्यांच्या माघारी ती दोन गटांत वाटली गेली आणि दोन्ही गट दुबळे झाले. मोरारजींसमोर जी धारदार कायदेबुद्धी समाजाची ढाल झाली, तीच आपसातल्या वादात वापरली गेली, ह्याचे दुःख आम्हाला होते. सत्तेवर बसलेल्यांना मात्र ह्याहून सोयीचे काही नव्हते.

पंधरा वर्षांनी पुन्हा

१९६२ नंतर कांबळे साहेबांना लोकसभेत परतायला १९७७ साल उजाडावे लागले. आणीबाणीनंतरच्या त्या निवडणुकीत मुंबई दक्षिण-मध्य ह्या सर्वसाधारण मतदारसंघातून ते रिपब्लिकन पक्षातर्फे निवडून आले. काळाची गंमत पाहा. ज्या मोरारजींच्या विरोधी बाकावर ते १९५२ साली बसले होते, तेच मोरारजी आता देशाचे पंतप्रधान होते.

पुढील आयुष्यात त्यांनी जे काम केले ते आम्हाला फार मोलाचे वाटते. 'समग्र आंबेडकर चरित्र' त्यांनी खंडामागून खंड लिहून काढले. एकूण २४ खंड. घटना, दाखले, भाषणे, पत्रव्यवहार, सगळे वकिलाने खटल्याचे कागद लावावेत तसे त्यांनी लावून ठेवले. बाबासाहेबांचे पहिले विस्तृत चरित्रकार चां. भ. खैरमोडे हेही जुन्या सातारा जिल्ह्यातलेच. बाबासाहेबांच्या आयुष्याचा कागदोपत्री पुरावा जतन करणारे हे दोघे आपल्या मातीतले, ही सातारा-सांगलीच्या बांधवांना अभिमानाची गोष्ट आहे. २००६ साली कांबळे साहेबांचे निधन झाले.

जगात इतरत्र

वकिलीतून विरोधी राजकारणात येणे ही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. कांबळे साहेब विधानसभेत गेले त्याच १९५२ साली दक्षिण आफ्रिकेत नेल्सन मंडेला आणि ऑलिव्हर टांबो यांनी जोहान्सबर्गमध्ये वकिलीचे कार्यालय थाटले. गोऱ्यांच्या कायद्याखाली भरडलेली काळी माणसे त्यांच्या दारात रांगा लावत. त्या रांगांतून मंडेलांचे राजकारण घडले. पुढे २७ वर्षे तुरुंगवास आणि १९९४ साली राष्ट्राध्यक्षपद, हे सर्वश्रुत आहे.

अलीकडचे नाव टांझानियाच्या तुंडू लिसू यांचे. हेही वकील. २०१० साली विरोधी पक्षाचे खासदार झाले. ७ सप्टेंबर २०१७ रोजी राजधानी दोदोमा येथे त्यांच्यावर गोळ्यांचा वर्षाव झाला. परदेशात उपचार घेऊन ते वाचले आणि २०२० साली परत येऊन राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढले. २०२५ च्या जानेवारीत ते पक्षाचे अध्यक्ष झाले आणि एप्रिलमध्ये देशद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. कायदा जाणणारा विरोधक सत्तेला किती खुपतो, हे ह्यावरून दिसते. आपल्याकडे विरोधी सभासदाला निर्धास्तपणे बोलता येते ते बाबासाहेबांनी लिहिलेल्या घटनेमुळे. ते स्वातंत्र्य वापरले नाही तर मात्र गंजून जाईल.

जतच्या वाचकाने काय घ्यावे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्र विधानसभेची निवडणूक झाली. २८८ च्या सभागृहात एकाही विरोधी पक्षाला एक-दशांश म्हणजे २९ जागा मिळाल्या नाहीत. संख्या कमी म्हणून विरोधी बाकांनी हात टेकायचे काय? कांबळे साहेबांजवळ २९ नव्हते, दोनही नव्हते.

आणि हे फक्त आमदार-खासदारांपुरते नाही. आम्ही कारकुनी सांभाळून सुट्टीच्या दिवशी लोकांचे अर्ज लिहून देतो. जत तालुक्यात अर्जाचा पहिला विषय पाणी. "टँकर पाठवा, ही विनंती" एवढाच अर्ज टेबलावर पडून राहतो. पण कोणत्या वस्तीवर, किती खेपा मंजूर, कोणत्या तारखेला किती आल्या, किती बुडाल्या, असे लिहून पोच घेतली की त्याला उत्तर येते. २०२२ साली कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या ४० गावांचा विषय काढला तेव्हा कोठे आमच्या पूर्व भागाच्या पाण्याची चर्चा राज्यभर झाली. हा प्रश्न शेजारच्या राज्याने विचारण्याआधी आम्हीच सारखा, लेखी, आकड्यांनिशी विचारायला हवा होता.

बंधूंनो आणि भगिनींनो, प्रत्येकाला विधानसभेत जाता येत नाही. पण वर्षातून चार ग्रामसभा होतात. तेथे उठून प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्या. २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. साध्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर मागता येते. हा सामान्य माणसाचा प्रश्नोत्तराचा तासच आहे. आमच्या मायबहिणी ग्रामपंचायतीत निवडून येतात. त्यांनी ठरावावर अंगठा किंवा सही करण्याआधी तो मोठ्याने वाचून मागावा. घरातली शिकलेली मुलगी शेजारी बसवावी. कायद्याला प्रवेश घेणाऱ्या मुलांना "नोटरी हो, चार पैसे मिळव" एवढेच सांगू नका. पलूसच्या वकिलाची गोष्टही सांगा. आणि दुरुस्त-नादुरुस्तची गोष्टही लपवू नका, म्हणजे आपली बुद्धी कोणाविरुद्ध वापरायची हे त्यांना कळेल.

येत्या १५ जुलैला वस्तीतल्या विहारात दहा माणसे जमली तरी पुरे. फोटोला हार घाला, आणि तेथेच गावच्या एका प्रश्नाचा अर्ज लिहून दुसऱ्या दिवशी त्याची पोच घ्या. कांबळे साहेबांना हीच खरी आदरांजली ठरेल.

जय भीम!